शेवटच्या कुस्तीची जोड

फाल्गुनातला दुसरा रविवार. आमच्या तालमीचं वार्षिक कुस्तीमैदान. शेवटच्या कुस्तीच्या वेळी पंचांच्या टेबलाशी हजर : तालमीचे वस्ताद, तालमीचा पैलवान बिरू, पंजाबहून आलेला पैलवान आणि त्याच्याबरोबरचा मालिशवाला, मंडळाचे अध्यक्ष, माइकवाले निवेदक, हलगीवाले बापलेक, आणि सेक्रेटरी, म्हणजे मी. गैरहजर : कोणी नाही. कडेच्या उतारावर बसलेल्यांची नावं लिहायला घेतली असती, तर कुस्ती बघायची राहून गेली असती.

हजेरी लिहिणं ही माझी सवय आहे. चादरींच्या कारखान्यात मी पॅकिंग खातं सांभाळते. कुठल्या गठ्ठ्यात काय गेलं, काय राहिलं, याच्या याद्या करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. तालमीचं इतिवृत्त माझे वडील लिहायचे. त्यांच्या मागे ते काम कुणालाच नको होतं, म्हणून माझ्याकडे आलं. त्या रविवारचं रीतसर इतिवृत्त लिहून झालं आहे, सभेत वाचून मंजूरही झालं आहे. पण त्यात वस्ताद कुठेच नाहीत. ‘वस्तादांनी मनोगत व्यक्त केले’ एवढं एक वाक्य आहे. उरलेलं सगळं इथे लिहिते.

वस्ताद नव्या पैलवानाकडे बघत नसत, त्याला हात लावत. पोरगा समोर येऊन वाकला की उजवा तळहात त्याच्या मानेवर टेकवायचे, डोळे मिटायचे, आणि लांबून कुणी बोलत असावं तसे ऐकत थांबायचे. मग हात काढून घेत म्हणायचे, “अजून न्हाय.”

या दोन शब्दांवर आमच्या गल्लीत पैलवानांच्या पिढ्या वाढल्या. कुणी ते ऐकून ईर्ष्येने मेहनत केली, कुणी पोलिसात भरती झालं, एकाने तर सरळ रसवंतीगृह काढलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपली मान दाखवत बसला. पण वस्तादांनी कुणालाही दुसरं काही सांगितलं नाही.

कुणासारखा अजून न्हाय, हे तुमच्यातल्या सोलापूरकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या तालमीतून फार वर्षांपूर्वी एक पैलवान निघाले. त्यांना सगळे ‘थोरले पैलवान’ म्हणत आणि अजूनही म्हणतात, जाऊन इतका काळ झाला तरी. उंच, लांब हातांचे. ढाक हा त्यांचा डाव. समोरच्याचा दंड वरून काखेत आवळायचा, गर्रकन वळायचं आणि त्याला कमरेवरून फेकायचा. त्यांची शेवटची कुस्ती मी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली, असं मला सांगितलं जातं. मला आठवतात ती फक्त पुढच्या माणसांची पागोटी.

वस्ताद तेव्हा तरुण होते. थोरल्यांच्या रोजच्या सरावाचे जोडीदार. म्हणजे पहाटे उठून थोरल्यांच्या मानेला हात घालायचा आणि त्यांच्याकडून आपटून घ्यायचं, हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं तळहाताखाली ती एकच मान. थोरले गेले, मान तळहातावर राहिली. त्यामुळे आजचा पैलवान थोरल्यांच्या तोडीचा आहे का, हा वाद गल्लीत, चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत कुठेही पेटला, तरी शेवटी सगळे तालमीच्या दारात येत. निकाल देणारा हात तिथेच होता.

निकाल नेहमी गंभीरच असायचा असं नाही. एकदा एक पुढारी आपल्या भाच्याला घेऊन आले. अंगाला तेल चोपडलेला, दंडावर काळा दोरा, मोबाईलवर लोक त्याचे व्यायामाचे व्हिडिओ बघतात असं मामांनी अभिमानाने सांगितलं. वस्तादांनी हात टेकवला, डोळे मिटले, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ थांबले. मामांना आशा वाटू लागली.

“मान चांगली हाय,” वस्ताद म्हणाले. “फोटोला.”

मामा पुढच्या वर्षी वर्गणी देणार नाहीत असं अध्यक्षांना वाटलं. त्यांनी दिली, भाचा मात्र पुन्हा आला नाही.

दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे “पाठ लागली का?”, म्हणजे समोरच्याला मातीत चीत केलं का. कुणीही कुठूनही जिंकून आला की पहिला प्रश्न तोच. मॅटवरच्या कुस्तीत गुणांवर निकाल लागतो, हे त्यांना माहीत होतं. ते त्यांनी मान्य केलेलं नव्हतं. पोरगं गळ्यात पदक घालून दारात उभं राही आणि म्हणे की वस्ताद, इतक्या गुणांनी जिंकलो. वस्ताद त्याला खजूर खायला देत आणि म्हणत, “गुण शाळेत मिळत्यात. पाठ लागली का?”

मी सेक्रेटरी झाले तेव्हा तालमीत बाईमाणसाने पाय ठेवावा की नाही यावर सभेत बरीच चर्चा झाली. वस्ताद कोपऱ्यात बसून ऐकत होते. शेवटी उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “बाई, चप्पल भायेर, आवाज भायेर, कागद आत.” चर्चा संपली. ओसरीवर माझं टेबल लागलं. आमच्या घरात तेलुगू बोलतात, वस्तादांच्या घरात दखनी. आम्ही दोघं एकमेकांशी तालमीची मराठी बोलायचो. मला ते कधी ‘बाई’ म्हणत, काही बिनसलं की ‘सेक्रेटरीबाई’.

आता बिरूचं सांगते.

तो मोहोळ तालुक्यातल्या एका खेड्यातून आला. घरची थोडी शेती, थोडी मेंढरं. बुटका, रुंद, जमिनीला लागून चालणारा. पहिल्या दिवशी वस्तादांनी मानेवर हात ठेवला तेव्हा त्यांना तो जरा खालीच न्यावा लागला. “अजून न्हाय,” ते म्हणाले, पण हात लगेच काढला नाही. ओसरीवरून मी ते बघितलं.

बिरू वाढत गेला, उंचीने नाही, नावाने. आधी तालुक्यातली मैदानं, मग सांगली-साताऱ्याकडची. मैदानं मोबाईलवर थेट दिसू लागल्यावर तर लांबलांबचे लोक त्याला ओळखू लागले. त्याला बघायला लोक तिकीट काढू लागले, निवेदक त्याच्या नावाआधी श्वास भरून घेऊ लागले. व्हिडिओखाली लोक लिहीत : दुसरे थोरले. कुणी लिही : थोरल्यांपेक्षा भारी. मग खाली शिव्यांची माळ लागे. ज्यांनी थोरल्यांना कधी पाहिलं नाही ते त्यांच्या बाजूने भांडत, आणि ज्यांनी बिरूला पाहिलं नाही ते बिरूच्या.

त्याला आमंत्रणं सगळीकडून येत होती. नव्हतं ते फक्त घरचं.

याचं कारण आमची एक जुनी रीत. आमच्या मैदानातली शेवटची कुस्ती, एक नंबरची, कुणाची लावायची हे वस्ताद ठरवतात. आणि तालमीचा स्वतःचा पैलवान त्या कुस्तीला उभा राहायचा असेल, तर वस्तादांनी ‘हाय’ म्हणावं लागतं. थोरल्यांनंतर ते कुणालाच म्हटलं गेलं नव्हतं. दरवर्षी शेवटच्या कुस्तीला दोन्ही पैलवान बाहेरचे. आम्ही मंडप घालायचो, हलगी सांगायचो, आणि आमच्याच मातीत परक्यांना लढताना बघून टाळ्या वाजवायचो.

बिरू एकदा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. पैलवान माणूस, पण हातात टोपी घेऊन बिलासाठी आलेल्या माणसासारखा. त्याच्या वडिलांना हृदयाचा त्रास होता. त्यांना लांबचा प्रवास जमत नव्हता, गर्दीत मैदान बघणं तर त्याहून अवघड. सोलापूर तेवढं जवळ होतं. त्यांनी त्याची एकही मोठी कुस्ती समोर बसून पाहिली नव्हती.

“बाई, मला थोरलं व्हायचं न्हाय,” तो म्हणाला. “मला फकस्त हितं खेळायचंय. तेवढं वस्तादांच्या कानावर घाला की.”

मी घातलं. वस्ताद तेव्हा आखाड्यातली माती फावड्याने परतत होते. म्हणाले, “ढाक बसंना त्याची. बसली की बगू.”

ही अडचण खरी होती. वस्ताद बिरूला पहिल्या दिवसापासून ढाक शिकवत होते. रोज पहाटे. बिरू समोरच्याचा दंड आवळी, वळे, आणि त्याची कंबर समोरच्याच्या मांडीशीच राही. मग दोघेही मातीत. वस्ताद म्हणत, पुन्हा. बाहेरच्या मैदानांत तो जिंके तो पटावर, म्हणजे खाली सूर मारून समोरच्याचा पाय उचलून. पण घरी येऊन ते सांगताना त्याचा आवाज बारीक व्हायचा. चोरी करून मिळवलेलं इनाम असावं तसा.

मैदान जवळ आलं आणि अध्यक्षांनी वस्तादांना न विचारता फलक लावला.

अध्यक्षांची बाजूही सांगायला हवी. पंजाबचा एक नावाजलेला पैलवान यायला तयार झाला होता, त्याच्यासमोर उभा राहील असा बिरूच होता, आणि अध्यक्षांना वाटलं की फलक लागला की वस्ताद नाही म्हणू शकणार नाहीत. वस्तादांना ओळखणाऱ्या कुणीही त्यांना सांगितलं असतं. पण त्यांनी विचारलं फक्त फलकवाल्याला.

चौकात, रिक्षा थांब्याच्या वर, दोन मजले उंच फलक. डावीकडे थोरले, कमरेवर हात, मान किंचित वळवलेली, मिशीला पीळ. उजवीकडे बिरू. त्यालाही तसंच उभं केलेलं, कमरेवर हात, मान वळवलेली. फलकवाल्याने आपल्या बुद्धीने त्याची उंची वाढवली होती आणि मिशीही. वर लिहिलेलं : थोरल्यांचे वारस.

सकाळी वस्तादांना कुणीतरी तिथे घेऊन गेलं. मी कारखान्याच्या वाटेवर होते, थांबले. वस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मुलीने, जावयाने, मी, सगळ्यांनी सांगून झालं होतं, पण ते ऑपरेशनला तयार नव्हते. बघून काय करायचं, हात आहे की, असं म्हणायचे. तर ते फलकाखाली मान वर करून उभे, आणि मागे गर्दी जमलेली. आता वस्ताद फलक फाडणार, असं बहुतेकांना वाटत होतं. काहींनी मोबाईल काढून ठेवले होते.

“बाई, काय काय हाय ते सांगा,” ते म्हणाले.

मी सांगितलं. डावीकडे काय, उजवीकडे काय, कपडे, उभं राहणं, मिशी. काहीही न गाळता, गठ्ठ्यात भरलेला माल सांगावा तसं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

“थोरलं हायत,” ते म्हणाले. “दोनदा हायत. ह्यात बिरू कुटं हाय?”

कुणी हसलं नाही. वस्तादही रागावलेले दिसत नव्हते. हातातलं काहीतरी हरवलं आहे आणि ते बराच वेळ आपल्या लक्षातच आलं नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता. ते तसेच तालमीकडे चालू लागले.

संध्याकाळी मी गेले तर बिरू आखाड्याच्या कडेला बसलेला आणि वस्ताद त्याच्यासमोर मातीत उकिडवे. बिरू रडून झाल्यासारखा दिसत होता. वस्ताद त्याला जे सांगत होते त्यातलं शेवटचं मी ऐकलं.

“मी तुज्यात त्यालाच हुडकत होतो रं. उंच माणसाचा डाव तुज्या गळ्यात बांदला. चूक माजी हाय, तुजी न्हाय.” मग म्हणाले, “पट दाव. भायेर जसा काडतोस तसा. चोरून न्हाय.”

बिरूने समोरच्या पैलवानाला पट काढून दाखवला. वस्तादांनी तो डोळ्यांनी नाही, वाकून हातांनी बघितला. बिरूचा खांदा कुठे आहे, गुडघा कुठे, पाठ किती सपाट. पुन्हा काढायला सांगितला. पुन्हा. रात्रीच्या जेवणाला उशीर झाला तरी कुणाला उठू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “सेक्रेटरीबाई, ल्हिवा. शेवटची कुस्ती, बिरू.”

मी विचारलं, म्हणजे ‘हाय’ म्हणायचं का? म्हणाले, जोड लावलीय, एवढंच लिहा. अध्यक्षांना आनंदाने काय करावं कळेना. त्यांनी फलक उतरवायचं कबूल केलं आणि नव्यासाठी बिरूला साध्या उभ्या फोटोला पाठवलं.

पुढचे दिवस तालमीत एक नवीन नियम होता. ‘थोरले’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. उच्चारला की तिथल्या तिथे बैठका. पोरांनी तो इतका मनावर घेतला की चहावाल्याने थोरला भाऊ आजारी आहे म्हटलं, तर त्यालाही बैठकांना उभं केलं. सगळ्यात जास्त वेळा चुकले ते वस्ताद. खांबाला धरून, गुडघे करकरत, ते आपल्या बैठका मोजून पुऱ्या करायचे. पोरं म्हणायची, वस्ताद, राहू द्या. ते म्हणायचे, “राहू देऊन कसं चालंल. जीभ तिकडंच जाती.” मग स्वतःच हसायचे. इतक्या वर्षांत त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

आणि मग तो रविवार.

बिरूच्या वडिलांसाठी मी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती, शेजारी पाण्याची बाटली, आणि रांगेच्या टोकाला आमच्या गल्लीतले डॉक्टर. वडील भगवा पटका बांधून सकाळीच येऊन बसले. लहान कुस्त्या सुरू असतानाही ते ताठच बसलेले. मी सावलीत चला म्हटलं तर म्हणाले, “न्हाय बाई, हितनं दिसतंय.”

पंजाबचा पैलवान आखाड्यात उतरला आणि उतारावरून एक हलका आवाज आला. तो उंच होता. लांब हात. चालताना मान किंचित वळवायचा. ज्यांनी थोरल्यांना पाहिलं होतं ते म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. शेजारी बसलेल्या वस्तादांना मी काही सांगितलं नाही. पण उतारावरचा तो आवाज त्यांना ऐकू आला असावा.

“उंच हाय का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बरं हाय,” ते म्हणाले. बस्स.

हलगी घुमू लागली. दोघांनी सलामी दिली, म्हणजे हाताला हात लावला आणि मातीला वाकून नमस्कार केला. कुस्ती सुरू झाली, आणि माझी परीक्षाही. वस्तादांना अंधूक हालचालीपलीकडे दिसत नव्हतं. निवेदकाचा आवाज गर्दीत बुडत होता. ते म्हणाले, बाई, सांगत रहा.

मी सांगू लागले. बिरू पुढे गेला, मागे आला. त्याने याची मान धरली, याने त्याची धरली. दोघे गोल फिरतायत.

“फुडं मागं काय सांगताय, बाई,” ते करवादले. “पाय कुटं हायत ते सांगा.”

मग मी पाय सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा कुस्ती गुडघ्याखाली पाहिली. बिरूचे पाय जवळजवळ, जमिनीत रुतलेले. त्या पैलवानाचे लांब लांब, सारखे हलणारे. बिरू पटाला गेला, पाय सुटला. पुन्हा गेला, पुन्हा सुटला. तो उंच माणूस वरून अख्खं वजन टाकून त्याला दाबत होता. बिरूचं तोंड मातीत घासलं. उतारावरून कुणीतरी ओरडलं, ढाक मार. मग पुष्कळ जण ओरडले. ढाक, ढाक. ज्या गल्लीने त्याला वाढवलं तीच गल्ली त्याला दुसऱ्याचा डाव मागत होती.

मी बिरूच्या वडिलांकडे पाहिलं. त्यांचा हात छातीवर नव्हता, दोन्ही हात गुडघ्यांवर होते. डॉक्टर त्यांच्याकडे बघत होते, ते मात्र आखाड्याकडे.

आणि मग ढाक आली, पण बिरूची नाही. त्या पैलवानाने वरून हात टाकून बिरूचा दंड काखेत आवळला. तो हात, ती काख, ते वळणं, सगळं म्हाताऱ्यांना पाठ होतं. त्यातून सुटलेला माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता.

“दंड धरला त्याने,” मी म्हणाले. “वरून. वळायला लागलाय.”

वस्ताद जागचे हलले नाहीत. अगदी हळू, माझ्याशी नाही, कुणाशीच नाही, असं म्हणाले, “वळला की फुडचा पाय मोकळा.”

बिरू खाली गेला. पडला असं मला वाटलं, तसं मी म्हटलंसुद्धा. पण तो पडला नव्हता. आवळलेला दंड सोडवायच्या भानगडीत न पडता तो त्याच्याखालीच सरकला, वळण्यासाठी पुढे आलेला तो लांब पाय त्याने छातीशी धरला आणि उभा राहिला. तो बुटका माणूस त्या उंच माणसाचा पाय घेऊन उभा राहिला आणि त्याला मातीत नेलं. पुढचं मला नीट सांगता आलं नाही. धूळ होती, मी उभी होते, सगळेच उभे होते. घिस्सा मारला, म्हणजे खाली दाबलेल्याला उलथून चीत केलं, असं निवेदक म्हणाले. मला दिसलं ते एवढंच, की बिरू वर आहे आणि त्याच्याखाली आकाशाकडे तोंड केलेला माणूस आहे.

वस्तादांनी माझं मनगट धरलं. “पाठ लागली का?”

“लागली.”

“दोनी खांदं?”

“दोन्ही, वस्ताद. पूर्ण पाठ.”

मग काही ऐकू येईनासं झालं. टोप्या, पटके, उपरणी वर उडाली. हलगीवाल्या बापलेकांनी वाजवणं सोडून एकमेकांना मिठी मारली. पोरांनी बिरूला खांद्यावर घेतलं, आणि तो खांद्यावरून हात जोडून पहिल्या रांगेकडे बघत होता. वडील उभे राहिले होते. डॉक्टरांनी त्यांना बसवायचा प्रयत्न केला, मग तेही त्यांच्याबरोबर उभे राहिले. पंजाबचा पैलवान उठला, अंगावरची माती झटकली, बिरूचा हात धरून वर केला, आणि हसत म्हणाला की ऐसा पट मैंने आज तक नहीं खाया. त्यालाही लोकांनी उचललं.

निवेदकांना मात्र आपलं काम विसरता येत नव्हतं. ते माइक घेऊन सरळ वस्तादांकडे आले. मैदानाला जे विचारायचं होतं तेच त्यांनी विचारलं. वस्ताद, आता सांगा. थोरले मोठे की बिरू?

बिरू खांद्यावरून उतरून समोर आला होता, मातीने माखलेला, कपाळावरून घाम ओघळत. वाकायला निघाला. मान पुढे केली, सवयीने.

वस्तादांनी मानेला हात लावला नाही. उजवा हात पुढे केला, तसाच, उघडा. आखाड्यात सलामी देताना करतात तसा. बिरूला आधी कळलं नाही. मग त्याने आपला हात त्या हाताला लावला.

“कोण मोटा त्ये मला म्हाईत न्हाय,” वस्ताद माइकमध्ये म्हणाले. त्यांना माइकची सवय नव्हती, आवाज फाटून गेला. “थोरलं कुनाशी बी खेळत नव्हतं. जोड बगून मगच हात देत हुतं. ह्याला दिला असता.”

एवढंच. तुम्ही कुस्तीतले नसाल तर हे उत्तर तुम्हाला अर्धं वाटेल. त्या उतारावर कुणालाच ते अर्धं वाटलं नाही. म्हातारी माणसं डोळे पुसत होती, तरुण पोरं कशासाठी ते न कळता ओरडत होती, आणि माझ्या मागे रसवंतीवाले आपल्या मानेवरून हात फिरवत सगळ्यांत मोठ्याने रडत होते.

त्या रात्री चौकात थोरल्यांच्या नावाने आणि बिरूच्या नावाने एकाच वेळी घोषणा झाल्या. भांडण कुठेच झालं नाही. मोबाईलवर चालू असलेलं बंद पडलं असं मी म्हणणार नाही, पण आमच्या गल्लीतून त्यात कुणी लिहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात वस्ताद ओसरीवर आले आणि ऑपरेशनसाठी कोणता डॉक्टर चांगला, असं विचारलं. माझी ऐकण्यात चूक झाली असं मला वाटलं.

“बगायला पायजे की आता,” ते म्हणाले. “काय काय पोरं खेळायला लागलीत, कुनाला ठावं.”

आधी एक डोळा, मग दुसरा. दोन्ही वेळा मी दवाखान्यात बरोबर होते. दुसरी पट्टी निघाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, बाई, तुमी एवढ्या वयाच्या हाय असं वाटलं नव्हतं. मी त्यांना माफ केलं. मग ते तालीम बिरूच्या हाती देऊन होटगीला मुलीकडे राहायला गेले. जावई रेल्वेत आहे, घर स्टेशनजवळ, दिवसभर गाड्यांची ये-जा. म्हातारपणी निवांत राहतील असं आम्हाला वाटलं.

मंडळाने त्यांच्या सत्काराचा ठराव केला. शाल, श्रीफळ, फेटा. ते सोलापूरला समारंभाला येईनात, तेव्हा तिकडे जाऊन द्यायचं ठरलं, आणि ते काम माझ्यावर आलं.

पहिल्यांदा गेले तेव्हा ते अक्कलकोटकडे एका यात्रेच्या मैदानाला गेलेले. दुसऱ्यांदा त्यांची मुलगी दारातच हसू लागली. “अब्बा घर में ठैरतेच नै, आपा. वेळापूर को गये. उधर एक छोरी है बोलके, कुस्ती खेलती.” तिने चहा केला. अब्बांना आता मुलींच्या कुस्त्याही बघायच्या असतात, गुणांवरच्याही, हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. परवा म्हणे टीव्हीसमोर बसून त्यांनी गुण कसे देतात ते नातवाकडून समजून घेतलं, आणि पंचाचं चुकलं म्हणून भांडले.

तिसऱ्यांदा मी आधी फोन केला. स्वतः त्यांनीच उचलला. गुरुवारी या, घरीच हाय, म्हणाले. गुरुवारी मी शाल-फेटा घेऊन, कारखान्यातून अर्धी रजा टाकून गेले. खाट रिकामी. बिरू पहाटेच मोटरसायकलवर येऊन त्यांना घेऊन गेला होता. माझ्यासाठी निरोप ठेवला होता, तो मुलीने जसाच्या तसा, त्यांच्या आवाजात सांगितला.

“बाईला म्हणावं सत्कार पळून जात न्हाय. ती पोरगी आजच खेळून मोकळी झाली असती.”

शाल आणि फेटा माझ्या कपाटात आहेत. नारळ दोनदा बदलला. इतिवृत्तात त्या ठरावापुढे ‘कार्यवाही बाकी’ असं लिहिलेलं आहे, आणि माझ्या यादीत इतका काळ बाकी राहिलेलं दुसरं कुठलंही काम नाही. येत्या रविवारी पुन्हा होटगीला जाणार आहे. मोहोळकडे त्या दिवशी मैदान आहे असं आज कळलं.